सरावाचं घर

नव्या विषयातून भूगोलाच्या बाईंच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून बघू. पगारवाढ नाही. बढती नाही. उलट जास्तीची तयारी, जिन्यांची चढउतार आणि शिक्षकांच्या खोलीत रोजची चेष्टा. जमेला दोनच गोष्टी. भूगोलाचे तास कमी झाल्यामुळे पगारही अर्धा होणार ही जी धास्ती होती, ती टळली. आणि एक किल्ली हातात आली.

पगारासाठी बाई हो म्हणाल्या, असं सगळ्यांना वाटलं. बाईंनाही तसंच वाटलं.

विषयाचं नाव 'जीवनव्यवहार'. माणसं प्रवासाहून सर्दी घेऊन येतात, तसे नवे हेडमास्तर कुठल्याशा शिबिराहून हा विषय घेऊन आले होते. "मुलांना त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढता येतं, पण विजेचं बिल वाचता येत नाही," ते म्हणाले. गणिताचे सर म्हणाले, "मला दोन्ही येतं, पण दुसरं मी शिकवणार नाही." विज्ञानाच्या बाईंनी आपला दुखरा गुडघा पुढे केला. सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत भूगोलाच्या बाईंवर येऊन थांबल्या, कारण नाही म्हणायला त्यांना नेहमीच जरा उशीर व्हायचा.

गंमत अशी, की त्या शाळेत व्यवहाराशी सगळ्यांत कमी संबंध कोणाचा आला असेल, तर याच बाईंचा. वडील होते तोवर त्या वडिलांच्या घरी राहिल्या. वडील गेल्यावरही त्याच घरी, फक्त आता ते दादाचं घर म्हणायचं. चाळिशी उलटली तरी दादा त्यांना 'छोटी' म्हणायचा. पगाराचं पाकीट त्याच संध्याकाळी, न उघडता, दादाच्या हातात. त्यातून तो बसच्या पासापुरते आणि वरखर्चाला थोडे परत द्यायचा, आणि बाई अगदी मनापासून त्याचे आभार मानायच्या. जगातल्या सगळ्या सामुद्रधुन्या त्यांना तोंडपाठ होत्या. घरातलं पाणी कुठल्या नळाने बंद होतं, हे मात्र ठाऊक नव्हतं.

हेडमास्तरांचं म्हणणं, पोहायला कुणी फळ्यावर शिकवत नाही, तसं राहायला घरातच शिकवायला हवं. म्हणून शाळेने समोरच्या रस्त्यावर, आरशांच्या दुकानाच्या डोक्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. नववीच्या वर्गाने त्याला नाव दिलं 'सरावाचं घर'.

त्या खोल्या बरेच दिवस रिकाम्या पडल्या होत्या, त्याला कारण होतं. खाली दुकानात दिवसभर काच कापली जायची. कामगार आरसे बाहेर काढायचे, पुसायचे, टेम्पोत चढवायचे, आणि आरसा जरा वळला की उन्हाचा एक तुकडा उचलून वरच्या छतावर टाकायचा. तो तुकडा छतावरून सावकाश सरकायचा, भिंतीवरून उतरायचा, कपाटाच्या दारापाशी थबकायचा आणि विरून जायचा. मग दुसरा. कधी त्यात आभाळ असायचं, कधी जाणाऱ्या बसचा लाल पट्टा, कधी उलटा चालणारा माणूस. आधीच्या भाडेकरूंना यानं चक्कर यायची. नववीला यानं झोप यायची. बाईंना काय व्हायचं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

बाई मुलांच्या एक पान पुढे राहून विषय शिकवत. दिवा बदलणं स्वतः आदल्या दिवशी शिकल्या, नळाचा वॉशर बदलणं त्याच सकाळी. विजेचं बिल कसं वाचायचं म्हणून दादाला विचारलं, तर तो म्हणाला, "तुला काय करायचंय? मी आहे ना." मग खाली जाऊन आरसेवाल्यांना विचारलं. आरसेवाले म्हणजे दुकानाचे आणि वरच्या खोल्यांचेही मालक. दिवसभर स्वतःला चहूबाजूंनी बघून कंटाळलेला, जाडजूड, बोलक्या तोंडाचा माणूस. त्यांनी बिल तर समजावलंच, वर धड्यातल्या घरमालकाचं काम करायलाही फुकट तयार झाले. फुकट म्हणजे त्यांच्या हिशेबी फुकट नव्हे. चाळीस मुलं, चाळीस घरं, प्रत्येक घरात निदान एक आरसा.

एके दिवशी विषय होता 'एका माणसाचा महिन्याचा खर्च'. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'अमुक बाई, शिक्षिका.' पुढे पगार लिहायचा होता. दुसरा कुठला आकडा ठाऊक नसल्यामुळे त्यांनी स्वतःचाच लिहून टाकला.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. कुठल्याही गोष्टीवर उलटतपासणी घेते म्हणून वर्ग तिला वकीलीणबाई म्हणायचा.

"अमुक बाई राहतात कुठे?" तिने विचारलं.

"भावाकडे."

"भाडं देतात?"

"भाडं असं नाही. पगार देतात."

"किती?"

"सगळा."

खाली दुकानात काच कापायची हिऱ्याची कणी कुरकुरत गेली.

"बाई, ही बाई आजारी आहे का?"

"नाही गं."

"मग भाऊ आजारी आहे?"

"भाऊ चांगला आहे," बाई जरा जोरात म्हणाल्या.

"असणारच," मागच्या बाकावरून आवाज आला. "दर महिन्याला एवढे कुणी दिले तर मीसुद्धा चांगला होईन."

हशा ओसरल्यावर वकीलीणबाईंनी पुढचा प्रश्न टाकला. "आणि त्यांना खोली?"

"अर्धी. अर्धीत पुतणी आणि शिलाईचं मशीन."

"पुतणी पगार देते?"

"नाही."

"मशीन देतं?"

बाईंनाही हसू आलं. मग त्या फळ्याकडे वळल्या आणि उगाच एक स्वच्छ जागा पुन्हा पुसत राहिल्या.

त्या तासाला नववीने अमुक बाईंना भावाच्या घरातून बाहेर काढलं. भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त असू नये, हे बाईंनीच शिकवलं होतं. ते धरून एकेक खर्च ठरला. बाजूला किती टाकायचे, यावर भांडण झालं. मांजर पाळायची की नाही, यावर मतदान झालं आणि मांजर हरली, कारण डॉक्टरचा खर्च फार. खिडकीपाशी खुर्ची मात्र एकमताने मंजूर झाली. शेवटी, कधीच न बोलणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांना कुणी हाक मारायची नाही." याला किती खर्च येईल, ते कुणाला सांगता येईना. बाईंनी तरीही ते फळ्यावर लिहिलं.

त्या दिवसापासून अमुक बाई त्या घरात राहायला आल्या.

आधी थोड्याशाच. मुलं कप विसळताना म्हणायची, "हा नको, हा अमुक बाईंचा." मग कुणीतरी दाराशी जुन्या चपला आणून ठेवल्या. कुणी ठरवलं, की त्या चहात साखर कमी घेतात. त्यांना पावसाचा आवाज आवडतो, पण छत्री विसरायची सवय आहे, अशा एकेक गोष्टी वर्गाला परस्पर कळत गेल्या. कळायला अवघड काहीच नव्हतं. फळ्यासमोर उभी असलेली बाई बघायची आणि उरलेलं मनाने घालायचं.

शनिवारी दुपारी बाई तयारीच्या नावाखाली एकट्याच यायच्या. तयारी अशी, की दार आतून लावायचं, पंखा सोडायचा आणि चटईवर उताणं पडायचं. छतावरून उजेडाचे तुकडे जायचे. एकात कुणाची तरी गच्ची जायची, एकात पांढरा ढग. अर्धवट झोपेत बाईंना वाटायचं, पलीकडच्या खोलीत कुणीतरी वावरतंय. कपाट उघडलं, मिटलं. भांडं ठेवलं. घाई नाही, कुणासाठी थांबणं नाही. बाईंना उठून बघावंसं वाटायचं, पण उठलं तर अमुक बाई जातील म्हणून उठवायचं नाही. ऊन उतरलं की बाई जाग्या व्हायच्या, कुलूप लावायच्या आणि दादाच्या घरी जाऊन सांगायच्या, की तयारीत फार वेळ गेला. खोटं काही नव्हतं त्यात.

घासाघीस हा स्वतंत्र धडा होता. बाईंनी नियम सांगितला, "आपला आकडा एकदाच सांगायचा. मग गप्प बसायचं. समोरच्याला गप्प बसणं जड जातं, तो बोलायला लागतो, आणि बोलता बोलता खाली येतो." हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. स्वतः कधी भाजीवालीशीही केलं नव्हतं.

आरसेवाले घरमालक होऊन खुर्चीत बसले. वकीलीणबाई अमुक बाईंच्या वतीने समोर.

"अर्धा पगार," आरसेवाले म्हणाले. "खिडकी बघा, हवा बघा."

"तिसरा हिस्सा," वकीलीणबाई म्हणाल्या, आणि चाळीस मुलं गप्प बसली.

चाळीस मुलांचं गप्प बसणं ज्याने ऐकलंय, त्यालाच ते कळेल. आरसेवाल्यांनी पाय हलवला. खिडकीची तारीफ केली. जिना जरा उंच आहे, हे आपणहून कबूल केलं. काचेचा आवाज असतो, हेही. मग म्हणाले, "अरे, काहीतरी बोला रे!" कुणी बोललं नाही. तेव्हा रुमालाने मान पुसत ते म्हणाले, "बरं बाबा, तिसरा हिस्सा. त्या बाई आल्या तर या भाड्याने देईन. माझा शब्द." वर्गाने टाळ्या वाजवल्या. आरसेवालेही हसले. शब्द कुणाला दिला, याचा त्यांनी विचार केला नव्हता. ज्या बाईला तो दिला ती जगात नव्हती, तेव्हा त्यांचं जाणार काय होतं?

पालकसभेत मात्र वारं फिरलं. विषय चालला नाही म्हणून कुणी तक्रार केली नाही. चालला, हीच तक्रार होती. एका मुलाने जेवताना वडिलांना विचारलं होतं, की गाडीचा हप्ता किती आणि त्यातलं व्याज किती. एकीने आईला सांगितलं होतं, की जिथे सही करतेस तो कागद आधी वाच. एकाने तर काकांना, पाहुण्यांदेखत, आधीचे उसने कधी फेडणार ते विचारलं. एक गृहस्थ उठून म्हणाले, "मुलांना व्यवहार शिकवा म्हणालो होतो आम्ही. आमचे व्यवहार शिकवा असं नव्हतं म्हटलं." बराच वेळ टाळ्या झाल्या.

हेडमास्तरांनी महिनाअखेर विषय गुंडाळला. बाईंचा पगार मात्र राखला, ग्रंथालय त्यांच्या गळ्यात घालून. तिथे निदान कुणी काही विचारत नाही, असं ते म्हणाले. सरावाचं घर रिकामं करायचं ठरलं.

शेवटच्या तासाला मुलांनी सामान आवरलं. दिवे काढले, कप पुसून खोक्यात भरले. अमुक बाईंच्या चपलांचं काय करायचं, ते कुणालाच कळेना. वकीलीणबाईंनी विचारलं, "बाई, त्या आता कुठे जाणार?"

"कोण?"

"अमुक बाई. पुन्हा भावाकडे?"

आभाळाचा एक तुकडा भिंतीवरून उतरला, बाईंच्या हातावरून गेला.

त्या रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "दादा, माझा पगार कुठे जातो?"

दादा म्हणाला, "घरात."

"घरात कुठे?"

"घरात म्हणजे घरात! छपराची दुरुस्ती, पोरीची फी, औषधं, किराणा. चोरी पकडतेस की काय?"

"नाही रे. नुसतं विचारते."

इथे कुणी दादावर दात खाऊ नयेत. एक पैसाही त्याने पत्त्यांवर किंवा बाटलीवर घातला नव्हता. पैसे खरंच घरात गेले होते, आणि ते घर दादाचं होतं. एवढी साधी वजाबाकी इतक्या वर्षांत कुणी केली नव्हती, ती करायची असते हे ना त्याला कुणी शिकवलं होतं ना हिला.

"मी आरशांच्या दुकानावरच्या खोल्या घेणार आहे," बाई म्हणाल्या. "राहायला."

वहिनींनी वाढायचा डाव खाली ठेवला. "वन्सं, आम्ही तुम्हाला कधी परकं मानलं का?"

"नाही वहिनी. परकं मानलं असतंत तर भाडं ठरवलं असतंत. ते स्वस्त पडलं असतं."

दादा म्हणाला, "लोक काय म्हणतील? सख्खा भाऊ असताना बहीण भाड्याने राहते!" मग पुतणीकडे बघितलं. ती ताटाकडे बघत होती, पण पूर्ण खोली मिळण्याच्या विचाराने तिचे कान लाल झाले होते. हिशेबाला घरात वहिनीच पक्क्या. पगार जाणार, कामाचे दोन हात जाणार, अर्धी खोली येणार, हे त्यांनी मनात उभं मांडलं असावं. मग त्या म्हणाल्या, "खिडकी कुठल्या बाजूला आहे हो?"

"रस्त्याच्या."

"उजेड चांगला असेल," वहिनी म्हणाल्या, आणि पुन्हा वाढायला लागल्या.

दादा रात्रभर धुमसला आणि सकाळी तयार होऊन बसला. "मी येतो बोलायला. तुला जमायचं नाही. घरमालक लोक फार बेरकी असतात, छोटे."

दुकानात शिरलं की माणूस एकटा राहत नाही. भिंतीला, जमिनीला, एकमेकांना टेकून आरसे उभे होते, आणि प्रत्येकात बाई, दादा आणि आरसेवाले बसलेले. कोण खरं, ते हात हलवल्याशिवाय कळू नये.

बाईंनी सांगितलं, घर मला हवंय, आणि तुम्ही दिलेल्या शब्दाच्या भाड्याने हवंय.

"अहो बाई, तो खेळ होता!" आरसेवाले उडालेच. "खेळातलं भाडं खेळातल्या नोटांनी द्या. खरं म्हणाल तर अर्धा पगार. शाळेकडून मी तेच घेत होतो."

"तिसरा हिस्सा," बाई म्हणाल्या.

आणि गप्प बसल्या.

समोरच्या आरशात एक बाई शांत बसली होती, हात मांडीवर, मान सरळ. तिच्या मागच्या आरशात तीच, पाठमोरी. तिच्यापलीकडे आणखी, लहान लहान होत गेलेल्या, हिरवट काचेच्या खोलात कुठेतरी संपणाऱ्या. कुणालाही घाई नव्हती. कुणीही कुणासाठी थांबलेली नव्हती. आपण त्यांच्यात पहिल्या की शेवटच्या, हे बाईंना सांगता आलं नसतं, आणि सांगायचंही नव्हतं. कामगारांनी एक मोठा आरसा उचलून बाहेर नेला, त्याबरोबर त्यांतल्या काही बाई रस्त्यावर फिरायला गेल्या.

आरसेवाल्यांनी काउंटर पुसला. "जिना उंच आहे, ते मान्य," ते म्हणाले. कुणी काही म्हणालं नाही. "आवाजही असतो." शांतता. "आणि तसं बघितलं तर शाळेनंतर कोण घेतंय ते घर... चाळीस पोरांदेखत बोललो मी, चूक माझीच... बरं, ठीक आहे बाई, तुमचाच आकडा—"

याच जागी दादाचा धीर सुटला. दादा आयुष्यभर भला माणूस. समोरचा अवघडला, की याला घाम फुटायचा. लग्नात, दुकानात, दवाखान्यात, कुठेही लांबलेली शांतता त्याने कधी तशी राहू दिली नव्हती. तो पुढे झुकून म्हणाला, "नाही, नाही, तुमचंही नुकसान नको व्हायला. थोडं वर घ्या की! अर्ध्यात आणि तिसऱ्यात मधलं काढू."

आरसेवाले झोपेतून उठल्यासारखे खडबडून जागे झाले. "बघा! साहेबांना कळतं. मधलं. ठरलं!" आणि त्यांनी दादाचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. सगळ्या आरशांतल्या दादांचे हात हलले.

बाईंनी दादाकडे बघितलं. रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

"दादा, वरचे कोण भरणार?"

"वरचे म्हणजे?"

"माझा आकडा मी सांगितला होता, आणि त्यांनी तो घेतलाही होता. त्याच्यावर गेलास तो तू. तो आकडा तुझा."

"अगं, पण तुझ्यासाठीच..."

"हो," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा गप्प बसल्या.

दादाने इकडे तिकडे पाहिलं. जिकडे पाहावं तिकडे तोच, तोंड अर्धवट उघडं, आणि शेजारी आरसेवाल्यांसारखा परका माणूस हे सगळं मजेने बघतोय. ज्या आरशातून दार दिसत होतं, त्यातही दारासमोर तोच बसलेला. "भरीन की!" तो शेवटी म्हणाला. "बहिणीसाठी मी काय एवढ्याशा पैशाला मरतो का?"

तर शेवटचा हिशेब असा. शाळेने तोवरचं भाडं घालवलं, दिवे परत नेले आणि विषय बंद केल्याचं ठरावात नोंदवलं. पालकांचं काही गेलं नाही, फक्त घरी जेवताना आता जरा जपून बोलतात. नववीला या विषयाचे गुण मिळाले नाहीत. वकीलीणबाईंनी हेडमास्तरांना त्याचं कारण लेखी मागितलंय. आरसेवाल्यांना मागितलं त्याहून कमी आणि शब्दाहून जास्त मिळालं. नववीतल्या एकाही घरी अजून त्यांचा आरसा गेलेला नाही. पुतणीला खोली मिळाली, पण निम्मीच, कारण वहिनींनी मशीन खिडकीकडे सरकवून बाहेरचं शिवणकाम घ्यायला सुरुवात केली. ते पैसे त्या कुणाच्या हातात देत नाहीत, आणि विचारायची दादाला हिंमत होत नाही. बाईंचा पगार आता तीन वाटांनी जातो आणि महिन्याच्या शेवटी फारसं काही उरत नाही. भाड्यापोटी पगाराचा तिसरा हिस्सा त्या भरतात. त्यावरचे दर महिन्याच्या एक तारखेला दादा भरतो. तो उंच जिना चढून येतो, धापा टाकत पैसे मोजून ठेवतो, आणि बहिणीने आभार मानले की "असू दे गं, असू दे" म्हणतो.